काझी मॅडम आणि माझे प्रोटॉन

कॉलेजात वीस-बावीस वर्षं काढली की पेन्शनच्या आधी किस्से जमा होतात. ते कुणी लिहून ठेवत नाही. पण कुणाचा सेंडऑफ असला, कुणाच्या मुलीचं लग्न असलं, की पंगतीत एकजण "अरे, ते आठवतंय का?" म्हणतो आणि झालं सुरू! आमच्या मायक्रोबायॉलॉजी डिपार्टमेंटच्या किश्श्यांची अडचण एवढीच, की त्यातल्या बहुतेकांत गाढव मी आहे. त्यामुळे बाकीचे लोक ते फारच रंगवून सांगतात. म्हटलं, त्यापेक्षा आपणच सांगावेत, निदान तपशील तरी बरोबर येतील.

आणि आधीच कबूल करतो. या सगळ्याच्या मुळाशी माझा जळफळाट आहे. साधासुधा नव्हे, चांगला तीन-चार वर्षं पुरलेला. कारण काझी मॅडम. त्यांचा दोष विचाराल तर काही नाही. तेच तर दुखणं होतं!

* * *

अकरा वर्षं मी एक टॉपिक शिकवत होतो. बॅक्टेरियाची पेशी बाहेरचं अन्न आत कसं घेते, म्हणजे ट्रान्सपोर्ट, हा तो टॉपिक. ऐकायला रुक्ष वाटेल, पण प्रकार झकास आहे. पेशी आपली ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलते. बाहेर त्यांची गर्दी होते, आत कमी. या फरकाला ग्रेडियंट म्हणतात. साहजिकच त्यांना परत आत यायचं असतं. पेशीच्या पातळ आवरणात, म्हणजे पटलात, दारं असतात, पण त्यातली काही दारं एकट्या प्रोटॉनला आत घेतच नाहीत. सोबत लॅक्टोज साखर घेऊन आलास तरच ये! प्रोटॉनच्या आत येण्याच्या घाईवर पेशी फुकटात साखर ओढून घेते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये टाइमटेबल लागलं. आमचे हेड वझे सर, अतिशय सौम्य माणूस. वाईट बातमी सांगताना ते आधी चष्मा पुसत. त्या दिवशी बराच वेळ पुसला.

"शेट्ये, या वर्षी तुम्ही फंगस घ्या. नव्या काझी मॅडमची पीएच.डी. नेमकी ट्रान्सपोर्टमधलीच आहे."

"पण सर, तो माझा टॉपिक आहे!"

"युनिव्हर्सिटीचा आहे, शेट्ये."

वर समजूत घातली, की दोन-तीन वर्षांत आपल्याकडे एम.एस्सी. येईल, तेव्हा ज्याला तो टॉपिक शोभेल त्याला कायमचा देऊन टाकू. त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात एकच ध्येय उरलं. टॉपिक परत मिळवायचा. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर फंगस वेगळा शिकवायला लागत नाही हो, मुलांना त्यांच्याच चपला उलट्या करून दाखवल्या तरी पुरतं!

* * *

काझी मॅडम रत्नागिरीतल्याच, राजिवड्याच्या. वडिलांच्या मासेमारीच्या दोन बोटी. शिकायला मुंबईत राहिल्या, डॉक्टर झाल्या आणि चांगली नोकरी सोडून घरी परत आल्या. वय तिशीच्या आत. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा झोपलेला मुलगासुद्धा वही उघडेल.

त्यांचं पहिलं लेक्चर ऐकायला मी गेलो नाही. वर्गाबाहेर नोटीस बोर्ड होता, तो वाचत उभा राहिलो.

"एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा," मॅडम आत सांगत होत्या. "मे महिना आहे. बाहेर ही गर्दी आणि गाडी आतून रिकामी. सगळ्यांना आत शिरायचंय. आता कंडक्टर म्हणाला, एकट्या माणसाला घेणार नाही, प्रत्येकाने एकेक आंब्याची पेटी उचलून आत आणायची. पेटीला पाय आहेत का?"

"नाऽऽही!"

"तरी पेटी आत गेली की नाही?"

वर्ग हसला आणि सगळ्यांना समजलं. अकरा वर्षांत मला जे पाऊण तासात जमलं नव्हतं ते या बाईने चार वाक्यांत केलं! मी तासभर तिथेच उभा. बेल झाली, मॅडम बाहेर आल्या, मला पाहून अदबीने थांबल्या.

"सर, ती नोटीस गेल्या वर्षीची आहे."

* * *

माझंही उदाहरण होतं. गच्चीवरची टाकी. पंप पाणी वर चढवतो, मग ते खाली येण्याची वाट बघत राहतं, आणि खाली येताना आपल्याला हवं ते काम करून देतं. शास्त्राला धरून, स्वच्छ उदाहरण. फंगसच्या तासाला काहीतरी निमित्त काढून मी ते एकदा घुसवलंच आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय, टाकी बरी की एसटी?"

पालीचा एक मुलगा उभा राहिला. गरीब, नम्र. "सर, आमच्याकडे टाकी नाही. विहीर आहे."

"बरं, मग?"

"पाणी खाली असतं नि आम्हाला वर चढायला लागतं."

वर्ग हसला. या खेपेला मात्र माझ्यावर.

* * *

तेव्हा ठरवलं, आता उदाहरण नाही, प्रयोग! फंगसचा तास रद्द. वर्गातली निम्मी पोरं पुढच्या दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उभी केली, ते प्रोटॉन. वर्ग म्हणजे पेशी. दारात दोन दांडगी पोरं, ती पटलातलं दार. हातात डस्टर असेल त्यालाच आत घ्यायचं, डस्टर म्हणजे साखर. डस्टर तीनच होते, म्हणून कंपास बॉक्ससुद्धा साखर धरले. काय सुरेख चाललं होतं! एकेक प्रोटॉन साखर घेऊन आत येत होता आणि मी मनात म्हणत होतो, बघा काझीबाई, याला म्हणतात शिकवणं!

मग मला अवदसा आठवली. काही रसायनं पटलाला गळकं करतात, प्रोटॉन दाराशिवायच इकडून तिकडे होतात आणि सगळा दाब संपतो. हेही दाखवू म्हटलं. आणि मी वर्गाचं मागचं दार उघडलं.

मागच्या दारातून थेट कॅन्टीन दिसतं.

मिनिटभरात वर्गात मी, तीन डस्टर आणि एक मुलगी उरलो, आणि तीही पायाला प्लास्टर होतं म्हणून. नेमके त्याच वेळी प्रिन्सिपॉल राउंडला आले.

"शेट्ये, मुलं कुठे आहेत?"

मी काही बोलायच्या आत ती प्लास्टरवाली म्हणाली, "ग्रेडियंट संपला, सर!"

* * *

घरी तरी शांतता असावी? एका रविवारी सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, मासळी घेऊन आली ती खुशीतच.

"काझी मॅडम भेटल्या हो! काय गोड बाई आहे. सुरमई त्यांनीच निवडून दिली. तुमच्याबद्दल किती बोलत होत्या!"

मी पेपर खाली ठेवला. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सरांच्या जुन्या नोट्स मला डिपार्टमेंटच्या कपाटात मिळाल्या, त्यावरूनच शिकवते. इतक्या बारकाईने कुणी लिहिलेलं नाही म्हणाल्या."

आता खरं म्हणजे कोणाही माणसाला बरं वाटलं असतं. मला रात्रभर झोप नाही! म्हणजे कष्ट माझे आणि टाळ्या तिला? तिने नोट्स चोरल्या असत्या तर निदान तक्रार करता आली असती. ही तर आभार मानत फिरत होती!

सुनंदा सुरमई साफ करता करता म्हणाली, "मग ते आंब्याच्या पेटीचं तुमचंच का?"

त्या दिवशी मी सुरमई खाल्ली नाही. म्हणजे, एकच तुकडी खाल्ली.

* * *

डिपार्टमेंटचा पीएच मीटर माझ्या ताब्यात असे. जुना, काट्याचा, लाकडी पेटीतला. काझी मॅडमनी तो मागितला.

"सर, प्रोटॉन आत जाताना प्रत्यक्ष दाखवता येतात. पेशी दाट करून नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, वर लिक्विड पॅराफिनचा थर द्यायचा म्हणजे हवा लागत नाही, आणि लॅक्टोज सोडायचं. साखर बाहेरचे प्रोटॉन घेऊन आत शिरते, बाहेरची आम्लता कमी होते, काटा वर सरकतो. मुलांना डोळ्यांनी दिसेल."

अकरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर मीच केलं असतं! मी म्हटलं, "इलेक्ट्रोड भिजत घातलाय. जरा थांबावं लागेल."

त्या थांबल्या. दर दोन दिवसांनी विचारत. "भिजला का, सर?" "भिजतोय." असं पंधरा दिवस चाललं. शेवटी आमचा लॅब अटेंडंट दत्ताराम, निवृत्तीला आलेला माणूस, सगळ्यांदेखत म्हणाला, "काय वो सर, पंधरा दिस भिजवलाव? वाल भिजवले असते तर मोड येऊन, सोलून, बिरडा करून खाऊन पण झाला असता!"

मी मीटर दिला.

* * *

पुढे शाळेच्या शिक्षकांसाठी चिपळूणला एक शिबिर होतं. वझे सरांनी आम्हा दोघांना पाठवलं. मॅडमनी काटा हलवून दाखवला. शिक्षक मंडळी उठून पुढे आली, पोरांसारखी डोकी घालून बघायला लागली. मी त्यांच्यामागे मीटरची लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो.

जेवणाच्या वेळी संयोजकांनी पानावर येऊन फार आग्रह केला. "घ्या, घ्या, संकोच करू नका. आपणही मॅडमच्याच खात्यात का?"

मी म्हटलं, "मी त्यांचा सीनियर."

"हो का? वा!" असं म्हणून ते वळले आणि वाढणाऱ्या बाईंना म्हणाले, "मॅडमच्या पेटीवाल्यांना भात वाढा!"

* * *

आता एम.एस्सी.चं. दोन हजार एक की दोन साल असेल. एम.एस्सी. द्यायची की नाही हे बघायला युनिव्हर्सिटीची कमिटी यायची होती. त्यांच्यासमोर काझी मॅडम तो काट्याचा प्रयोग करणार होत्या. वझे सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हा प्रयोग नीट झाला की ट्रान्सपोर्टचा पेपर मॅडमच्या नावावर कायमचा. फसला तर बघू.

"तर बघू" या दोन शब्दांवर मी महिना काढला.

आदल्या दिवशी दुपारी चारला लॅबमध्ये गेलो. कोणी नव्हतं. शेकरवर मॅडमची बाटली हलत होती, उद्याच्या प्रयोगासाठी पेशी वाढत होत्या. सहज चिकटपट्टी वाचली. मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, "ग्लुकोज".

माझे डोळे विस्फारले. कारण गंमत अशी आहे, की ग्लुकोजवर वाढलेली पेशी लॅक्टोजचं दार बांधतच नाही! कशाला बांधेल? सोपं अन्न समोर असताना? लॅक्टोजवर वाढवली तरच दार तयार होतं. म्हणजे पेशी वाढवायला घाईत बाईंनी कपाटातलं नेहमीचं ग्लुकोजचं माध्यम, म्हणजे खाद्याचं पाणी, घेतलं होतं. उद्या कमिटीसमोर लॅक्टोज सोडणार आणि काटा ढिम्म हलणार नाही!

मी कॅन्टीनमध्ये गेलो. एक चहा घेतला. मग आनंदाने दुसरा घेतला. बटाटेवडा घेतला. कॅन्टीनवाल्याने विचारलं, "सर, आज खुशीत? पोरगी झाली काय कोणाला?"

दुसरा चहा अर्धा झाला आणि मला तो काटा दिसायला लागला. ढिम्म. कमिटीतली बाहेरची माणसं एकमेकांकडे बघून हसतायत, आणि कोणीतरी म्हणतंय, "अहो, हे पुस्तकात असतं, असं प्रत्यक्षात काही दिसत नाही." त्या बाईची फजिती मला चालली असती, अगदी खोटं कशाला बोलू! पण माझ्या प्रोटॉनची?

चहा तसाच टाकून परत आलो. लॅक्टोजचं ताजं माध्यम केलं, तेच बॅक्टेरिया त्यात सोडले. मॅडमची बाटली मोरीत ओतली. तिच्यावरची चिकटपट्टी अलगद काढून माझ्या बाटलीवर लावली, म्हणजे त्यांना कळायलाही नको आणि ओशाळायलाही नको. बाटली शेकरवर चढवली आणि घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याबद्दल आदर वाटत होता. सुनंदाने विचारलंसुद्धा, "आज असे बघताय काय आरशात?"

दुसऱ्या दिवशी कमिटीचे तिघे, प्रिन्सिपॉल, वझे सर, आम्ही सगळे टेबलाभोवती. पांढरी कोरी साडी नेसून काझी मॅडम उभ्या. त्यांनी पेशी पाण्यात घातल्या, पॅराफिनचा थर दिला, लॅक्टोज सोडलं. काटा थरथरला आणि वर सरकला! टाळ्या! मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. वझे सरांनी वळून बघितलं.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि आता कंट्रोल, म्हणजे तुलनेची बाटली."

मी टाळी वाजवताना थांबलो.

"या पेशी केमिस्ट्रीच्या शेकरवर लॅक्टोजमध्ये वाढवल्या होत्या. ही दुसरी बाटली आपल्या शेकरवरची, मुद्दाम ग्लुकोजवर वाढवलेली. हिच्यात दार नाही. तेच लॅक्टोज सोडते. काटा हलणार नाही."

कंट्रोल! इतकी वर्षं मी पोरांच्या जर्नलवर लाल शाईने "कंट्रोल कुठे आहे?" लिहीत आलो होतो. आणि मला सुचलं नाही. त्या बाईची चूक सापडली या आनंदात मला काही म्हणजे काही सुचलं नाही!

मॅडमनी लॅक्टोज सोडलं. काटा सपकन वर गेला.

मॅडम काट्याकडे बघतायत, चिकटपट्टी वाचतायत, परत काट्याकडे. कमिटीचे मुख्य गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमचं लॅक्टोजचं पाणीच थोडं आम्लारी असणार. काटा त्याने हलतोय. पेशींचा आणि दाराचा काही संबंध दिसत नाही."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. मी गप्प राहिलो असतो तर तो टॉपिक संध्याकाळपर्यंत माझा होता. वझे सरांनी तर चष्मा काढून पुसायला घेतलाच होता.

"ती बाटली मी बदलली," मी म्हणालो. "काल. त्यात लॅक्टोज आहे."

आता पुढचं जे सांगायचं ते मी मनात तयार ठेवलं होतं. चूक समजलो, मदत करायला गेलो, वगैरे. पण सगळ्यांचे चेहरे बघितले आणि लक्षात आलं, की गेली तीन वर्षं मी या माणसांसमोर जसा वागलो होतो, त्यानंतर यावर विश्वास ठेवणारा इथे एकही जण नाही. प्रिन्सिपॉलनी खिडकीबाहेर बघितलं. वझे सर फक्त एवढंच म्हणाले, "शेट्ये, इतकं?"

कमिटीने ताजी ग्लुकोजची बाटली वाढवायला सांगितली, दुसऱ्या दिवशी थांबून कंट्रोल बघितला. काटा ढिम्म. एम.एस्सी. मिळाली. पेपर काझी मॅडमच्या नावावर कायमचा.

कबुली दिली त्याच संध्याकाळी मी लॅबमध्ये एकटाच माझी बाटली धूत होतो. मागे पावलं वाजली. मॅडम होत्या. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी नळ मोठा केला. त्यांनी तो बंद केला.

"सर, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"मी मघाशी आकडे पुन्हा बघितले. तुमच्या बाटलीचा काटा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर गेला. मी तीन वर्षं हा प्रयोग करतेय, माझा एवढा कधीच गेला नाही." त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "कशा वाढवल्यात हो?"

याला आता बरीच वर्षं झाली. त्या हेड झाल्या. अजून कधीतरी जिन्यात भेटल्या की विचारतात.

मी सांगितलेलं नाही.